काम परदेशी जातं तेव्हा: जबलपूरच्या तोफगाड्यांची गोष्ट



मागच्या आठवड्यात न्यू जर्सीहून माझ्या भाच्याचा फोन आला. तो तिथे बरीच वर्षं कंत्राटावर सॉफ्टवेअरचं काम करतो. म्हणाला, "मामा, माझं कंत्राट मार्चनंतर वाढवणार नाहीत. काम हिंजवडीला चाललंय." आणि स्वतःच हसला, कारण तो मूळचा चिंचवडचा. त्याच्या घरापासून दहा किलोमीटरवर जे काम चाललंय, ते त्याच्या हातातून सात समुद्र ओलांडून जातंय! पण हसणं लगेच थांबलं. घराचं कर्ज आहे, मुलगी बारावीला आहे. त्याने विचारलं, "अशा वेळी कंत्राटी माणसाने स्वतःला सांभाळायचं कसं?"

मी फौजी माणूस. ईएमई, म्हणजे सैन्याची गाड्या-तोफा दुरुस्त करणारी शाखा, तिथे माझी नोकरी गेली. मला सॉफ्टवेअरमधलं ओ की ठो कळत नाही. पण निवृत्तीनंतर मी जबलपुरात राहिलो आणि हा प्रश्न या शहरात शंभर वर्षांहून जुना आहे. फक्त इथे तो लोखंडात विचारला गेला. म्हणून आज त्याचीच गोष्ट सांगतो.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना जबलपूर म्हणजे भेडाघाट आणि संगमरवर एवढंच ठाऊक असतं. अठराव्या शतकाच्या शेवटी हा मुलूख मराठ्यांकडे आला, आधी सागरकरांकडे, मग नागपूरकर भोसल्यांकडे, आणि १८१७ साली इंग्रजांकडे गेला. मराठी माणसं मात्र राहिली. गोलबाजारच्या दत्तमंदिरात आजही कानावर मराठी पडतं, जरी नातवंडं "आजोबा, चलो ना" असं म्हणत असली तरी. असो.

१८७० साली मुंबईकडून येणारी आणि कलकत्त्याकडून येणारी अशा दोन्ही रेल्वे जबलपुरात सांधल्या गेल्या. देशाच्या मधोमध, समुद्रापासून दूर आणि रेल्वेवर असलेलं गाव. १९०४ साली इथे गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली. त्याआधी तोफगाडे फत्तेगड, मद्रास आणि मुंबई अशा तीन ठिकाणी बनत. ती तिन्ही कामं एकत्र करून जबलपुरात आणली. आता विचार करा, मुंबईत तोफगाड्यांना लाकूड, लोखंडी पट्ट्या, चामडं पुरवणारे जे कंत्राटदार होते, त्यांचं काय झालं असेल? काम समुद्रापार गेलं नव्हतं, फक्त सातपुड्यापलीकडे गेलं होतं. पण ज्याचं दुकान कुलाब्यात, त्याला जबलपूर आणि लंडन सारखंच लांब. हे मी मुद्दाम सांगतोय. आपण 'परदेश' या शब्दावर फार जोर देतो. कंत्राटदाराच्या दृष्टीने मागणीचा कागद आपल्या हाताला लागतो की नाही, एवढाच प्रश्न असतो.

आणि तो कागद त्या काळी खरोखरच लंडनला जायचा. सरकारी खरेदीची पद्धत अशी होती: हिंदुस्थानातली खाती, म्हणजे रेल्वे, लष्कर, बांधकाम, वर्षभर काय लागेल त्याचं मागणीपत्र तयार करीत. ते जहाजाने इंडिया ऑफिसच्या भांडार खात्याकडे जाई. त्यांचं गोदाम लंडनमध्ये लॅम्बेथला, थेम्सच्या काठावर होतं. तिथे निविदा निघत, तिथल्या कारखानदारांकडून भाव येत, तिथेच तपासणी होई आणि पैसेही तिथेच पौंडात चुकते होत. इथल्या एखाद्या लोहाराच्या कारखान्यात तोच माल निम्म्या भावात होत असला, तरी निविदा निघाली आहे हेच त्याला कळायचं नाही. स्पर्धेत हरण्यासाठी आधी स्पर्धेत उभं तरी राहावं लागतं ना! लॉर्ड रिपनच्या काळात, १८८३ साली, इथे बनलेला माल इथेच घ्यावा असं धोरण कागदावर आलं. पण साहेबाला ओळखीचा माल हवा असायचा, आणि मागणीपत्र लॅम्बेथला पाठवलं की पुढे कुणी बोट दाखवणार नाही ही सोय होती. नोकरीत मीही पाहिलंय, 'नेहमीच्या ठिकाणाहून' माल मागवणारा अधिकारी कधी अडचणीत येत नाही. नवीन माणसाकडून घेणारा येतो.

पुण्यात न्यायमूर्ती रानडे नेमकं यावर बोट ठेवत होते. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी औद्योगिक परिषदा भरवल्या, देशातल्या लोखंड उद्योगाचे आधीचे प्रयत्न का बुडाले यावर सविस्तर निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सरकार आणि रेल्वे हेच या देशातले लोखंडाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहेत. या गिऱ्हाइकाने आपली खरेदी इथे करायची ठरवली, तर भट्ट्या पेटतील. न्यायाधीश माणूस, सरकारी नोकरीत, त्यामुळे आवाज चढवला नाही. पण आकडे मांडले. मला रानडे या बाबतीत टिळकांपेक्षा जास्त पटतात, हे माझं वैयक्तिक मत. बहिष्काराने गिऱ्हाईक चिडतं. रानडे गिऱ्हाइकाला त्याचाच हिशेब समजावून सांगत होते.

हिशेब पटला तो मात्र युक्तिवादाने नव्हे. पटवला जर्मन पाणबुड्यांनी. पहिल्या महायुद्धात जहाजं बुडायला लागली, इंग्लंडचे कारखाने स्वतःच्याच दारूगोळ्यात गुंतले आणि लॅम्बेथहून माल येईना. १९१७ साली थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन म्युनिशन्स बोर्ड नेमावं लागलं, आणि काल जे 'इथे होणं शक्य नाही' असं म्हटलं जायचं ते इथल्याच वर्कशॉपमध्ये होऊ लागलं. युद्ध संपल्यावर गाडी पुन्हा जुन्या रुळावर जाऊ नये म्हणून बराच झगडा झाला. १९२२ साली इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट उभं राहिलं. आणि १९३१ पासून नवे नियम आले, ज्यांना लोक 'रुपी टेंडर' म्हणत.

हे रुपी टेंडर काय होतं ते नीट समजून घ्या, कारण ही माझ्या मते या विषयातली सर्वांत कमी सांगितली गेलेली गोष्ट आहे. नियम साधा होता. निविदा हिंदुस्थानात निघेल, माल हिंदुस्थानात पोचवायचा, पैसे रुपयांत मिळतील. बस. बर्मिंगहॅमच्या कंपनीला बंदी नव्हती. तिने खुशाल भाव द्यावा, पण जहाजाचं भाडं, विमा, जकात आणि उशिराची जोखीम धरून द्यावा. आणि निविदेचा कागद इथल्या कंत्राटदारालाही वाचता यावा. संरक्षण म्हटलं की आपल्याला उंच भिंत आठवते. इथे भिंत नव्हती. दोघांना एकाच रेषेवर उभं केलं, एवढंच. आणि तेवढ्यानेही फरक पडला.

याच काळातला आपल्या भागातला सर्वांत मोठा कंत्राटदार म्हणजे सोलापूरचे वालचंद हिराचंद. लक्ष्मणराव फाटक नावाच्या, रेल्वेत कारकुनी केलेल्या मराठी गृहस्थांशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरुवात केली. फाटकांना रेल्वेच्या कागदाची भाषा कळायची, वालचंदांना पैशाची. पुढे १९१९ साली वालचंद जहाजांच्या धंद्यात गेले, सिंधिया कंपनी काढली, तेव्हा इंग्रज कंपन्यांनी भाडी इतकी पाडली की नव्या कंपनीने बुडावंच. शेवटी १९२३ साली लॉर्ड इंचकेप यांच्याशी दहा वर्षांचा करार झाला. सिंधियाने फक्त किनारपट्टीवर धंदा करायचा, आणि जहाजांचं एकूण टनेज ७५,००० च्या वर न्यायचं नाही. जागा मिळाली, पण कुंपणासकट. वालचंदांना ते आयुष्यभर खुपलं. पण कंपनी जिवंत राहिली, आणि स्वातंत्र्यानंतर किनाऱ्याची वाहतूक देशी जहाजांसाठी राखली गेली तेव्हा ती घ्यायला कुणीतरी हजर होतं.

जबलपूरला परत येतो. १९४२ साली खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. मग स्वातंत्र्य. १९५८ साली जर्मनीच्या मान कंपनीशी करार होऊन गन कॅरेज फॅक्टरीत शक्तिमान ट्रक बनू लागला. पहिला १९५९ साली बाहेर पडला. त्यापाठोपाठ जपानच्या निसानकडून घेतलेली छोटी गाडी आली, जिला आम्ही सगळे जोंगा म्हणायचो. हे नाव कुठल्या प्राण्याचं वाटतं, पण ते 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' याची आद्याक्षरं जुळवून केलेलं आहे! १९६९ साली या गाड्यांसाठी वेगळी व्हेइकल फॅक्टरी झाली, आणि काही वर्षांत ग्रे आयर्न फाउंड्री.

या काळात काम उलट दिशेने आलं. जर्मनीचं काम जबलपुरात. आधी पेट्यांतून सुटे भाग यायचे आणि इथे जोडले जायचे, मग एकेक भाग इथे बनू लागला. मोठे भाग कारखान्यात आणि बुश, पिना, ब्रॅकेट, वॉशर बाहेरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये. रांझी, अधारताल, रिछाई या भागांत दोन लेथ आणि एक ड्रिल एवढ्यावर संसार उभे राहिले. माझ्या शेजाऱ्यांचंच उदाहरण. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. आजोबा गन कॅरेजमध्ये टर्नर, वडिलांनी नोकरी न करता रिछाईत शेड टाकली, आता हे आणि यांचा मुलगा. चार पिढ्या एका कारखान्याच्या भोंग्यावर.

१९९०च्या दशकात शक्तिमान बंद झाला. त्याच्या जागी अशोक लेलँडचा स्टॅलियन आणि टाटाचा ट्रक आला. गाडी उत्तम, मी दोन्ही वापरल्यात, शक्तिमानची आठवण काढून रडणाऱ्यांपैकी मी नाही. पण ही गाडी कंपनीकडून सुट्या भागांच्या संचाने यायची आणि इथे जोडली जायची. बुश आणि पिना संचातच. शेजाऱ्यांच्या वडिलांच्या दोन लेथपैकी एक त्या वर्षांत विकला गेला. पुन्हा तेच, काम देशातच होतं, पण कागद हातातून गेला होता.

आता तोफेकडे वळू, कारण खरा धडा तिथे आहे. मार्च १९८६ मध्ये स्वीडनच्या बोफोर्सशी ४१० तोफांचा करार झाला. त्या करारात तंत्रज्ञानाचे कागदही होते, म्हणजे तोफ इथे बनवता यावी यासाठीची रेखाचित्रं. पुढे लाचखोरीचा गदारोळ झाला, कंपनीशी व्यवहार थांबला, आणि ती रेखाचित्रं कपाटात गेली. सुटे भाग येईनात. मी स्वतः एका वर्कशॉपमध्ये असताना एका तोफेचे भाग काढून दुसरीला लावलेत. ज्या तोफेचे भाग काढायचे तिच्याकडे बघवायचं नाही. १९९९ साली कारगिलला याच तोफांनी डोंगर हलवले, आणि आम्ही मागे बसून कुठल्या तोफेत कुठल्या तोफेचा भाग आहे याच्या वह्या सांभाळत होतो.

पंचवीसेक वर्षांनी ते कपाट उघडलं. त्या कागदांवरून जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीने धनुष तोफ उभी केली. १५५ मिलिमीटर, नळी बोफोर्सपेक्षा लांब, ४५ कॅलिबरची. ८ एप्रिल २०१९ रोजी इथेच पहिल्या सहा तोफा सैन्याच्या हवाली झाल्या. त्या वेळी सरकारने सांगितलेला स्वदेशी भागाचा आकडा होता ८१ टक्के.

पण त्याआधी एक लाजिरवाणी गोष्ट घडली होती. जुलै २०१७ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला. धनुषसाठी लागणारं एक महत्त्वाचं बेअरिंग जर्मन म्हणून पुरवलं गेलं, ते प्रत्यक्षात चीनमध्ये बनलेलं होतं, असा आरोप. २०१४ साली सहा बेअरिंगं, किंमत सुमारे ५३ लाख रुपये, पुरवठादार दिल्लीचा. मापात फरक असूनही माल स्वीकारला गेला, असंही सीबीआयचं म्हणणं होतं.  मला त्यातला कंत्राटदारीचा भाग पाहायचाय. हा पुरवठादार काही बनवत नव्हता. तो घेत होता आणि देत होता. निविदेत सर्वांत कमी भाव पाहिला जातो, आपण ज्याला एल-वन म्हणतो. तिथे लेथवर उभा राहणारा माणूस आणि पेटीवरचं लेबल बदलणारा माणूस एकाच रांगेत असतात. रुपी टेंडरच्या काळात निदान दोघेही कारखानदार होते!

लेबलाचा अनुभव मलाही आहे. नव्वदच्या दशकात लडाखच्या बाजूला आमच्या गाड्यांच्या पाण्याच्या पंपांचे सील पटापट जात होते. पाकिटावर मोठं परदेशी नाव. मी एक सील कापून पाहिलं तर रबरात भुसा भरल्यासारखं. कुणी पुरवलं, कुणी पास केलं, ते आज उगाळण्यात अर्थ नाही. पण त्या रात्री उणे वीस तापमानात गाडीखाली झोपून पंप काढणारा माझा जवान मला आठवतो. स्वस्त भाव पडतो कुणाला, हे निविदेच्या तक्त्यात कधीच दिसत नाही.

यानंतर नियम बदलले, आणि पटापट बदलले. २०१७ साली सरकारी खरेदीत देशी मालाला प्राधान्य देणारा आदेश आला. २०१९ पासून केंद्राच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी आपल्या खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायची असं झालं. जुलै २०२० मध्ये, गलवाननंतर, सीमेलगतच्या देशांतल्या पुरवठादारांना नोंदणीशिवाय निविदा भरता येणार नाही असा नियम आला. त्याच ऑगस्टमध्ये आयात थांबवायच्या १०१ संरक्षण वस्तूंची पहिली यादी निघाली. एवढी भिंत वालचंदांनी स्वप्नातही पाहिली नसेल.

मग शेजारी सुखी व्हायला हवेत, नाही का? पण १ ऑक्टोबर २०२१ रोजी सगळे ४१ आयुध कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. जबलपूरचे चार कारखाने चार कंपन्यांत गेले. गन कॅरेजचं मुख्यालय कानपूर, व्हेइकल फॅक्टरीचं चेन्नईजवळ आवडी, फाउंड्रीचं नागपूर आणि खमरियाचं आपलं पुणे. पूर्वी सगळ्यांची वरची कचेरी कलकत्त्याला, एकच. आता एकाच गावातल्या, एकाच रस्त्यावरच्या चार फाटकांवर चार मालक. कामगार संघटनांनी याला विरोध केला. संपाची हाक आली तेव्हा संसदेने संप रोखणारा कायदाही केला. माझं मत विचाराल तर बदल हवा होता. ग्राहक हलत नाही म्हणून कारखाना सुस्त झाला होता, हे मी ग्राहक म्हणूनच सांगतो. पण कंपनी झाली की ती नफा पाहणार, आणि ज्या पिना रिछाईत बनतात त्या राजकोटला किंवा कोईमतूरला स्वस्त मिळाल्या तर तिथून घेणार. त्याला कुठला आदेश अडवणार? राजकोटही भारतातच आहे.

शेजाऱ्यांचा मुलगा गेल्या दिवाळीत माझ्याकडे आला. इंजिनिअर आहे, हुशार आहे. म्हणाला, "काका, मी शेड बंद करून ट्रेडिंग करतो. पार्ट बाहेरून आणायचे, इथे पॅक करायचे. बाबांना तुम्ही समजवा." त्याचे आकडे चोख होते. एका बुशवर लेथवर बनवून जे सुटतं, त्याच्या तिप्पट आणून विकण्यात सुटत होतं. मी त्याला लडाखच्या सीलची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "काका, मी चांगला माल आणीन." आणेलही. मी त्याला खोटं ठरवू शकलो नाही. मग मी विचारलं, "तू आणतोस हे गिऱ्हाइकाला कळलं, तर तो तुझ्याकडून का घेईल? सरळ तिकडूनच घेईल." यावर तो गप्प बसला. नंतर आम्ही दोघं मिळून बसलो आणि त्यांच्या शेडमध्ये गेल्या चाळीस वर्षांत बनलेल्या प्रत्येक भागाची यादी केली. आजोबांच्या वहीत गेजची मापं होती, कुठला भाग उन्हाळ्यात कसा फुगतो याची टिपणं होती, कुठल्या रेखाचित्रातली चूक कारखान्याने कधी मान्य केली याची तारीख होती. मुलाने ती वही पहिल्यांदाच उघडली होती. त्यातले अकरा भाग असे निघाले, जे जुन्या तोफांना अजून लागतात आणि ज्यांचे मूळ बनवणारे आता कुणीच नाहीत.

मी भाच्याला हेच सांगितलं. त्या विमा कंपनीची प्रणाली जुनी आहे, ती का तशी आहे हे तुला ठाऊक आहे आणि हिंजवडीच्या पोराला ठाऊक नाही. ते लिहून काढ, आणि ते विक. तो म्हणाला, "मामा, लिहून दिलं की मग माझी गरजच संपली." हे मला सुचलं नव्हतं. मंडळी, मी प्रामाणिकपणे सांगतो, बराच वेळ मला उत्तर आलं नाही. रेखाचित्र कपाटात कुलूपबंद ठेवल्याने काय होतं ते मी बोफोर्समध्ये पाहिलं, आणि रेखाचित्र देऊन टाकल्यावर कंत्राटदाराचं काय होतं तेही रिछाईत पाहिलं. शेवटी एवढंच म्हणालो की आजोबांनी वही लिहिली, पण ती कारखान्याला दिली नाही. कारखान्याला भाग दिले. त्यावर तो "बघतो" म्हणाला.

शेजाऱ्यांनी त्या अकरापैकी तीन भागांचे नमुने बनवून दिले आहेत. दोन पास झाले. तिसऱ्याचं माप चार शतांशाने चुकलंय, आणि मुलगा काल रात्री साडेदहापर्यंत शेडमध्ये होता. लेथचा आवाज माझ्या गच्चीपर्यंत येत होता.